एअर फिल्टर: धुवायचा, बदलायचा की नुसता झटकायचा?

डर्ट बाइक चालवणाऱ्या वाचकांचे प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात. एअर फिल्टर पेट्रोलने धुतला तर चालतो का? पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेतली, तेवढे पुरे का? एक मित्र सांगतो, 'धू आणि तेल लाव'. दुसरा बजावतो, 'तेल लावलंस तर फिल्टर वाया गेला'. गंमत अशी की दोघेही आपापल्या गाडीपुरते बरोबर असतात. एकाच्या गाडीत फोमचा फिल्टर असतो, दुसऱ्याच्या गाडीत कागदाचा. तुमच्या गाडीत कोणता आहे, हे ठरल्याशिवाय कोणाचाही सल्ला कामाचा नाही.

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन साधारण ९,००० लिटर हवा आत ओढते. पुढच्या गाडीच्या चाकामागून उडणाऱ्या फुफाट्यात तुम्ही तासभर गाडी चालवली, तर त्या हवेतली सगळी माती फिल्टरलाच अडवावी लागते. फिल्टर मळला की हवा कमी पडते आणि गाडी दमते. हे लगेच जाणवते आणि दुरुस्तही होते. खरा धोका असतो तो फाटलेल्या, कोरड्या किंवा तिरका बसलेल्या फिल्टरचा. तेव्हा गाडी झकास पळते, कुठे काही अडत नाही, आणि बारीक रेती पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्ह घासत राहते. मळलेला फिल्टर गाडीची ताकद खातो, नीट न बसलेला फिल्टर इंजिन खातो. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीभोवती आहेत.

आधी ओळखा: तुमच्या गाडीत कोणता फिल्टर आहे?

- तेल लावलेला फोम: कावासाकी केएक्स, यामाहा वायझेड, केटीएम एसएक्स अशा मोटोक्रॉसच्या गाड्यांत हाच असतो. स्पंजसारखा दिसतो, बहुधा दोन थरांचा असतो: बाहेर मोठ्या छिद्रांचा, आत बारीक छिद्रांचा. धूळ पकडतो तो फोमवरचा चिकट तेलाचा थर. कोरडा फोम फक्त खडे आणि पालापाचोळा अडवतो. हा धुऊन, तेल लावून पुन्हा वापरायचा.
- कोरडा कागद: घड्याघड्यांचा, हाताला कोरडा लागणारा. रस्त्यावर आणि कच्च्या वाटांवर दोन्हीकडे चालणाऱ्या अनेक गाड्यांत कागदी फिल्टर असतो. हा धुवायचा नाही. मॅन्युअलने परवानगी दिली असेल तर हलकेच झटकायचा, नाहीतर बदलायचा.
- तेलात भिजवलेला कागद: दिसायला कागदीच, पण हाताला किंचित तेलकट, चिकट लागतो. कंपनीनेच त्यात तेल मुरवलेले असते. याला हवा मारायची नाही, धुवायचा नाही, वरून तेल लावायचे नाही. मुदत संपली की सरळ बदलायचा.
- कापडी जाळीचा फिल्टर: बाजारातून वेगळा घेऊन बसवलेला, बहुधा लालसर रंगाचा. त्याचे क्लीनर आणि तेल वेगळे मिळते. फोमचे घट्ट तेल याला लावू नका.

शंका असेल तर गाडीच्या मॅन्युअलमधला देखभालीचा तक्ता पाहा. तिथे 'साफ करा' आणि 'बदला' असे वेगवेगळे लिहिलेले असते. साफ करण्याचा उल्लेखच नसेल, तर तो फिल्टर धुण्याचा नाही.

किती दिवसांनी पाहायचा?

किलोमीटरचा हिशोब डांबरी रस्त्यासाठी ठीक. मातीत तो उपयोगाचा नाही. तिथे धूळ मोजायची.

- मोटोक्रॉस ट्रॅकवर किंवा कोरड्या वाटांवर दिवसभर गाडी चालवली असेल, तर फोमचा फिल्टर त्याच संध्याकाळी काढा. मध्ये किती तास चालवली, याने फरक पडत नाही.
- एकामागे एक जाणाऱ्या गटात तुम्ही मागे असाल, तर तुमचा फिल्टर पुढच्या गाडीच्या कितीतरी आधी भरतो.
- कोकणातल्या जांभ्याची लाल धूळ आणि देशावरच्या काळ्या मातीचा उन्हाळी फुफाटा, दोन्ही पिठासारखे बारीक असतात. अशा ठिकाणी चिखलापेक्षा जास्त लक्ष द्या.
- कागदी फिल्टरची गाडी नियमित कच्च्या रस्त्यावर जात असेल, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराची वाट न पाहता त्याच्या निम्म्यावरच उघडून बघा.
- गाडी पावसाळाभर उभी असेल, तर पहिल्यांदा चालू करण्याआधी एअरबॉक्स, म्हणजे फिल्टर बसतो ती पेटी, उघडाच. उंदीर तिथे घरटे करतात आणि फोम कुरतडतात.

गाडीही खुणा देते. वरच्या वेगाला ओढ कमी होणे, अ‍ॅव्हरेज घसरणे, कार्ब्युरेटरच्या गाडीत प्लग काळा पडणे, ही मळलेल्या फिल्टरची लक्षणे. फ्युएल इंजेक्शनची गाडी काही प्रमाणात स्वतःला सावरून घेते, त्यामुळे तिच्यात हे उशिरा कळते. लक्षणांची वाट न पाहणे चांगले.

फोमचा फिल्टर: काढण्यापासून बसवण्यापर्यंत

हाताशी काय हवे: फिल्टर क्लीनर किंवा रॉकेल, फोम फिल्टरचे तेल, भांडी घासायचे सौम्य लिक्विड, दोन बादल्या, रबरी हातमोजे, वॉटरप्रूफ ग्रीस, स्वच्छ सुती फडकी. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही. डिझेलनेही काम होते, फक्त वास आणि तेलकटपणा घालवायला साबण जास्त लागतो.

१. आधी गाडी, मग फिल्टर. सीट किंवा बाजूचे कव्हर काढण्यापूर्वी आजूबाजूची माती पुसून घ्या. नाहीतर कव्हर उघडताच ती थेट आत पडते. केटीएमच्या मोटोक्रॉस गाड्यांत डाव्या बाजूचे कव्हर पान्याशिवाय निघते. यामाहाच्या वायझेड ४५० एफमध्ये २०१० पासून फिल्टर सीटखाली नसून पुढे, टाकीच्या भागात आहे. त्यामुळे व्हिडिओ पाहून काम करणार असाल, तर तो तुमच्याच मॉडेलचा असल्याची खात्री करा.

२. काढताना निरीक्षण करा. फिल्टरचा बाहेरचा भाग मळलेला असणारच. आतला, म्हणजे इंजिनाकडचा भाग पाहा. तिथे माती दिसली, तर फिल्टर गळतोय. नंतर हवा इंजिनाकडे जाते त्या रबरी नळीच्या आत स्वच्छ बोट फिरवा. बोटाला बारीक कण लागले, तर धूळ आत गेलेली आहे. मग नुसता फिल्टर धुऊन भागणार नाही, वाट कुठून मिळाली ते शोधावे लागेल.

३. तोंड बंद करा. फिल्टर निघाल्याक्षणी नळीच्या तोंडात मोठे स्वच्छ फडके घट्ट बसवा किंवा एअरबॉक्सचे धुण्याचे झाकण लावा. फडके आत ओढले जाणार नाही एवढे मोठे हवे, आणि ते बसवलेले असताना किकला किंवा सेल्फला हात लावू नका. मग एअरबॉक्स ओल्या फडक्याने पुसून घ्या. तळाशी पाणी निघून जाण्याची नळी किंवा रबरी चोच असते, ती चिखलाने बुजलेली नाही ना, ते पाहा. नळीची क्लॅम्प सैल किंवा रबर तडकलेले असेल, तर तेही आत्ताच कळेल.

४. धुवा. फोम आतल्या प्लास्टिकच्या जाळीवरून सोडवा. पहिल्या बादलीत क्लीनर किंवा रॉकेल घेऊन त्यात तो दाबा आणि सोडा, दाबा आणि सोडा. पिळायचा नाही. पिळल्याने जोडाचा डिंक सुटतो आणि फोमला चिरा जातात. जुने तेल निघाले की दुसऱ्या बादलीत कोमट पाणी आणि लिक्विड घेऊन पुन्हा तसेच करा. शेवटी नळाचे पाणी आतून बाहेर जाईल असे सोडा. बाहेरून आत सोडलेत, तर मातीचे कण स्वच्छ बाजूला ढकलले जातात. पाणी नितळ येईपर्यंत थांबू नका.

५. सावलीत वाळवा. पूर्ण वाळू द्या. कडक ऊन, हेअर ड्रायर, शेगडी, काहीही नको. ओलसर फोमवर तेल नीट धरत नाही. पावसाळी हवेत वाळायला रात्र लागते, म्हणून दुसरा तयार फिल्टर जवळ असणे सोयीचे.

६. तेल लावा. वाळलेला फोम उजेडासमोर धरून चिरा पाहून घ्या, मग हातमोजे घालून तेल चोळा. पुष्कळ फिल्टर तेलांना रंग असतो, तो सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. आतला थर, कोपरे आणि जोड विसरू नका. नंतर हलक्या हाताने दाबून जास्तीचे तेल काढा. फोम चिकट लागावा, पण त्यातून तेल ठिबकू नये. तेल जास्त झाले तर ते तळाशी साचून हवेची वाट अडवते. लगेच बसवण्याची घाई करू नका. तेल चिकट होण्यासाठी त्यातला पातळ द्रव उडून जावा लागतो, म्हणून डब्यावर दिलेला वेळ पाळा.

७. नीट बसवा. फोम जाळीवर सुरकुती न पडता चढवा. जिथे फिल्टर एअरबॉक्सला टेकतो, त्या कडेवर ग्रीसचा पातळ पट्टा सर्व बाजूंनी फिरवा. मग फिल्टरवरची खूण आणि एअरबॉक्सवरची खूण जुळवून तो बसवा. बोल्ट हाताने फिरवत न्या, शेवटीच पाना लावा. प्लास्टिकचे आटे गेले की फिल्टर कधीच घट्ट बसत नाही. आता कडेने बोट फिरवा. कुठेही फट, पालापाचोळा किंवा दुमडलेली कड नको. हे तपासायला मिनिटभर लागते, आणि सगळ्या कामात हेच मिनिट सर्वांत महत्त्वाचे.

या चुका महागात पडतात

- पेट्रोलने धुणे. फोमच्या जोडाचा डिंक विरघळतो, फोम फुगतो. शिवाय पेट्रोलची वाफ दूरवरच्या ठिणगीनेही पेटते. रॉकेल आणि डिझेल वापरतानाही काम उघड्यावर करा, जवळ शेगडी, विडी, सिगारेट नको.
- इंजिन ऑइल लावणे. ते चिकट राहत नाही, खाली ओघळते. वरचा भाग कोरडा पडतो आणि धूळ तिथून शिरते. वाटेत दुसरे काहीच नसेल, तर घरी पोहोचेपर्यंतचा इलाज म्हणून ठीक.
- प्रेशरने हवा मारणे. फोमची छिद्रे फाटतात, कागदाला सुईएवढी भोके पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण धुळीला सापडतात.
- दोन जातींची द्रव्ये मिसळणे. विघटनशील म्हणून मिळणारी फिल्टर तेले त्यांच्या स्वतःच्या क्लीनरनेच नीट निघतात. एक कंपनी निवडा आणि तेल-क्लीनर जोडीने वापरा.
- गाडी धुताना एअरबॉक्सवर प्रेशर पंप मारणे. चिखल फिल्टरच्या कडेपर्यंत ढकलला जातो.
- जास्त हवा मिळावी म्हणून जाळी काढणे किंवा फिल्टरशिवाय चालवणे. ट्रॅकवरच्या एका फेरीसाठीसुद्धा नाही.
- धुण्याचे द्रव गटारात किंवा विहिरीजवळ ओतणे. ते डब्यात ठेवा. गाळ खाली बसला की वरचे रॉकेल पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालते. उरलेला गाळ जळके ऑइल घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

कागदी फिल्टर असेल तर

इथे काम कमी, शिस्त जास्त. फिल्टर काढा आणि उजेडासमोर धरा. घड्यांमधून उजेड येत नसेल, कागद ओला होऊन वाळलेला असेल, कडेचे रबर कडक झाले असेल, तर बदला. कोरडा कागद मॅन्युअलप्रमाणे साफ करता येत असेल, तर तळहातावर हलके आपटून धूळ पाडा. हवा मारायचीच तर कमी दाबाची, लांबून आणि आतून बाहेर. ब्रश फिरवू नका, त्याने बारीक धूळ कागदात रुतते. तेलात भिजवलेला कागद असेल, तर यातले काहीच करायचे नाही.

गॅरेजमध्ये सवयीने सगळ्याच फिल्टरना हवा मारून देतात. गाडी देतानाच 'फिल्टरला हवा मारू नका, बदलायचा असेल तर विचारा' असे सांगा आणि जॉबकार्डवर लिहून घ्या.

फोम बदलण्याची वेळ कधी येते?

पुढीलपैकी एकही खूण दिसली, तर आणखी एकदा धुऊन पाहण्याचा मोह टाळा:

- जोड उकलतोय किंवा दोन थर सुटे होत आहेत.
- हलके ताणले की चीर पडते किंवा चुरा हाताला लागतो.
- धुतल्यावरही फोम कडक किंवा नको तितका मऊ, चिकट राहतो.
- जाळीवर सैल बसतो, कड जागेवर राहत नाही.
- बोल्टच्या भोकाभोवतीचा फोम झिजलाय.

फोम न वापरताही जुना होतो. चार पावसाळे पिशवीत पडलेला 'नवा' फिल्टर बसवण्याआधी ताणून बघा. नियमित ट्रॅकवर जाणाऱ्यांनी दोन-तीन फिल्टर फिरते ठेवावेत: एक गाडीत, एक तेल लावून घट्ट बंद पिशवीत, एक वाळत. बाजारात फोमवर चढवायचे पातळ कापडी आवरणही मिळते. खूप धुळीच्या दिवशी दुपारी ते काढून टाकले की खालचा फिल्टर पुढच्या फेरीला बराच स्वच्छ राहतो.

ओढ्यात गाडीत पाणी शिरले तर

पाण्यात गाडी बंद पडली, तर सर्वांत आधी सेल्फचे बटण सोडा. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले, तर पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत बाहेर काढा, एअरबॉक्सच्या तळाची चोच दाबून पाणी सोडा, फिल्टर काढून बघा. फिल्टरच्या आत पाणी गेले असेल, तर प्लग काढून इंजिन हळूहळू फिरवा आणि पाणी बाहेर पडू द्या. प्लगच्या भोकासमोर चेहरा नको. भिजलेला कागदी फिल्टर वाळवून वापरू नका. इंजिन ऑइल चहासारखे दुधट दिसले, तर गाडी तिथेच थांबवा आणि टेम्पोत घालून न्या.

खरेदी, वॉरंटी आणि तुमचे हक्क

फिल्टर घेताना 'याच गाडीचा आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. मॉडेल, वर्ष आणि पार्ट नंबर जुळवा. एकाच नावाच्या गाडीत वर्ष बदलले की फिल्टर बदललेला असू शकतो, आणि जवळपास बसणारा फिल्टर म्हणजे फट असलेला फिल्टर.

- पाकीट पाहा. पॅकबंद मालावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापणे कायद्याने बंधनकारक आहे. हे नसेल तर माल परत ठेवा. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत.
- पक्के बिल घ्या. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. पुढे इंजिनाचा वाद झाला, तर योग्य फिल्टर योग्य वेळी बदलल्याचा हाच पुरावा.
- जुना फिल्टर मागा. सर्व्हिस सेंटरने बदलल्याचे बिल लावले असेल, तर गाडी देतानाच 'जुने पार्ट परत हवेत' असे जॉबकार्डवर लिहा.
- वॉरंटीची पुस्तिका वाचा. फिल्टर झिजणारा भाग म्हणून बहुधा वॉरंटीबाहेर असतो, आणि देखभालीत कसूर झाली म्हणून इंजिनाचा दावाही नाकारला जाऊ शकतो. केवळ स्पर्धेसाठी विकल्या जाणाऱ्या गाड्यांना वॉरंटी फार मर्यादित असते किंवा नसतेच. घरी फिल्टर धुत असाल, तर तारीख घालून फोटो ठेवा.
- दावा नाकारला तर लेखी कारण मागा. 'धूळ गेली आहे' हे तोंडी उत्तर पुरेसे नाही. कोणता भाग झिजला, धूळ कुठून गेली, हे लेखी घ्या.
- तक्रार कुठे? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे काम झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अंतर्गत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

घरी थांबायचे कुठे, मेकॅनिककडे जायचे कधी?

फिल्टर काढणे, धुणे, तेल लावणे, बसवणे हे सगळे तुम्हाला घरी जमण्यासारखे आहे. पण नळीत धूळ सापडली आणि त्याबरोबर गाडी उशिरा चालू होऊ लागली, निळसर धूर येऊ लागला, ऑइल कमी होऊ लागले किंवा किक हलकी लागू लागली, तर नवा फिल्टर हे त्यावर औषध नाही. कॉम्प्रेशन तपासून घ्या, व्हॉल्व्ह क्लिअरन्स मोजायला सांगा. या टप्प्यावर रिंगा बदलून काम भागू शकते. तशीच रेटलीत, तर पिस्टन आणि सिलिंडरचा खर्च फिल्टरच्या किमतीच्या कित्येक पट होतो.

सुरुवात करायची असेल तर पुढच्या फेरीआधी तीनच कामे करा: मॅन्युअलमध्ये तुमच्या फिल्टरची जात पाहा, फिल्टर काढून नळीत बोट फिरवा, आणि परत बसवताना कड सगळीकडून टेकली आहे याची खात्री करा. बोट स्वच्छ आले, तर तुमची पद्धत बरोबर आहे, ती चालू ठेवा. नाही आले, तर फट सापडेपर्यंत गाडी धुळीत काढू नका.